थायमस, वजनकाटा आणि बाळाची प्रतिकारशक्ती

बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या अमडापूरच्या घरात आज बाळ जन्मले, तर त्याच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचली जाते, तोंडात पोलिओचे दोन थेंब पडतात आणि वजन कार्डावर नोंदले जाते. तिथून पुढे पाच वर्षे त्या बाळाच्या तब्येतीचा हिशेब प्रामुख्याने दोन गोष्टींवर चालतो: लसी किती झाल्या आणि वजन किती भरले. दोन्ही मोजमापे आवश्यक आहेत आणि ती गावोगावी घेतली जातात यामागे अंगणवाडी सेविका, आशा आणि परिचारिका यांची अनेक वर्षांची मेहनत आहे. पण ज्या अवयवावर या दोन्हींचा अर्थ अवलंबून असतो, त्याची नोंद कुठल्याच कार्डावर नसते. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला बसलेली थायमस ही ग्रंथी नवजात बाळात शरीराच्या मानाने चांगलीच मोठी असते. लशीला नीट उत्तर द्यायला आणि जंतूंशी लढायला ज्या टी-पेशी लागतात, त्या इथेच तयार होतात. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या ग्रंथीबद्दल जे कळले ते गांभीर्याने घेतले, तर आपल्या बालआरोग्य व्यवस्थेतल्या दोन सवयी बदलाव्या लागतील असे माझे म्हणणे आहे. पहिली सवय म्हणजे वजन भरले की कुपोषित मूल बरे झाले असे धरून चालणे. दुसरी म्हणजे तान्ह्या बाळाच्या रक्ततपासणीतला लसिकापेशींचा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा) आकडा न वाचताच कागद घडी करून ठेवणे.

या ग्रंथीकडे वैद्यकाने शतकानुशतके दुर्लक्ष केले, आणि त्या दुर्लक्षाच्या मुळाशीही कुपोषणच होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शवविच्छेदनासाठी येणारे देह बहुतांशी गरिबांचे असत. दीर्घ आजाराने आणि अर्धपोटी राहून मेलेल्या या माणसांची थायमस आक्रसलेली असे, आणि डॉक्टरांनी तोच तिचा नेहमीचा आकार मानला. मग एखादे धडधाकट मूल अचानक दगावले आणि त्याच्या छातीत मोठी थायमस दिसली, की मृत्यूचे खापर तिच्यावर फुटे. १८८९ साली व्हिएन्नाच्या आर्नोल्ड पाल्टॉफ यांनी या समजुतीला एका रोगाचे रूप दिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हजारो निरोगी बाळांच्या छातीवर ही ग्रंथी लहान करण्यासाठी क्ष-किरण सोडले गेले. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला, आणि १९५० साली डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी तो संबंध उघड केला. उपाशी मुलाचा अवयव प्रमाण ठरला आणि पोसलेल्या मुलाचा अवयव रोग ठरला, ही वैद्यकाच्या इतिहासातली फार दुःखद चूक आहे. ती इथे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच की अन्न आणि थायमस यांचे नाते किती घट्ट आहे याचा पुरावा त्या चुकीतच दडलेला होता. लंडनच्या जॉन सायमन यांनी १८४५ साली या ग्रंथीवर लिहिलेल्या प्रबंधात शरीराच्या पोषणानुसार तिचा आकार कमी-जास्त होतो हे नोंदवलेही होते. पण त्या निरीक्षणाची दखल पुढच्या पिढ्यांनी घेतली नाही.

थायमसचे खरे काम उलगडले ते १९६१ साली. लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत जॅक मिलर उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. मोठ्या उंदरांची थायमस आधी अनेकांनी काढून पाहिली होती आणि काही विशेष घडले नव्हते. जन्मतःच थायमस गमावलेली पिल्ले मात्र काही आठवड्यांतच खंगू लागली, त्यांच्या रक्तातल्या लसिकापेशी घटल्या आणि किरकोळ संसर्गांनी ती मरू लागली. त्यांच्या अंगावर दुसऱ्या वाणाच्या उंदराची, इतकेच काय रॅट या दुसऱ्या जातीच्या मोठ्या उंदराची त्वचा लावली तरी ती तग धरू लागली, कारण परके ओळखण्याची ताकदच त्यांच्यात उरली नव्हती. मिलर यांनी हे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तरीही नोबेलविजेते पीटर मेडावार यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने पुढे १९६३ साली थायमसमधल्या लसिकापेशी म्हणजे उत्क्रांतीतला एक बिनमहत्त्वाचा अपघात असावा, अशा आशयाचे मत मांडले होते. मोठ्या माणसांचे मतही पुराव्यापुढे टिकले नाही. अमेरिकेत रॉबर्ट गुड यांच्या गटाला तसेच निष्कर्ष मिळाले. मॅक्स कूपर यांनी १९६५ साली कोंबडीच्या पिल्लांवर काम करून प्रतिकारव्यवस्थेचे दोन वेगळे प्रवाह दाखवले: प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी आणि थायमसमधून येणाऱ्या टी-पेशी. दोन्ही मिळूनच काम करतात, हे मिलर आणि त्यांचे सहकारी मिचेल यांनी १९६८ साली सिद्ध केले. मिलर आणि कूपर या दोघांना मिळून २०१९ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

मिलर यांच्या प्रयोगातला सर्वांत मोलाचा मुद्दा वयाचा आहे. तीच शस्त्रक्रिया जन्मतः केली तर जीव जातो आणि वाढत्या वयात केली तर वरवर पाहता काही बिघडत नाही, याचा अर्थ या अवयवाचे काम सुरुवातीलाच मोठ्या प्रमाणावर उरकलेले असते. हे काम नेमके काय, ते थोडे उलगडून सांगायला हवे. अस्थिमज्जेतून निघालेल्या कोवळ्या पेशी रक्तावाटे थायमसमध्ये पोचतात. तिच्या बाहेरच्या भागात त्या आपल्या जनुकांचे तुकडे जोडून प्रत्येकी एकेक वेगळा ग्राहक, म्हणजे परके ओळखणारा रेणू, तयार करतात. कोणत्या पेशीचा ग्राहक कशाला चिकटेल हे आधी ठरलेले नसते. जुळणी यदृच्छेने होते, म्हणून अजून अस्तित्वातही न आलेल्या जंतूला ओळखणारी पेशी शरीरात तयार असू शकते. पण यदृच्छेने घडलेल्या या गर्दीत पुष्कळशा निरुपयोगी आणि काही अत्यंत घातक पेशीही असतात. त्यामुळे पुढे दोन चाळण्या लागतात. शरीराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर ज्या खुणांवरून प्रथिनांचे तुकडे दाखवतात, त्या खुणा ज्या पेशीला वाचताच येत नाहीत, ती बाहेरच्या भागातच मरते. आतल्या भागात उलटी परीक्षा होते. जी पेशी शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांवर जोरात तुटून पडते, तिला तिथे नष्ट केले जाते. थायमसमध्ये घडणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशी बाहेर पडतच नाहीत. एवढा मोठा खर्च शरीर फक्त निवडीसाठी करते, आणि वाढत्या बाळाच्या शरीराला हा खर्च परवडण्यासाठी प्रथिने, जस्त आणि ऊर्जा यांचा अखंड पुरवठा लागतो.

दुसऱ्या चाळणीबद्दल एक गोष्ट फार सुंदर आहे. स्वादुपिंडातले इन्सुलिन किंवा डोळ्यातले एखादे प्रथिन थायमसमध्ये असण्याचे काही कारण नाही. तरी कोवळ्या टी-पेशींना त्यांची ओळख पटवावी लागते, नाहीतर बाहेर पडल्यावर त्या त्याच अवयवांवर हल्ला करतील. १९९७ साली सापडलेले ‘एअर’ हे जनुक थायमसच्या आतल्या भागातल्या पेशींना शरीरभरातली अशी हजारो प्रथिने थोड्या थोड्या प्रमाणात बनवायला लावते. हे जनुक बिघडलेल्या माणसांत एकाच वेळी अनेक ग्रंथींवर शरीराचाच हल्ला होतो. चाळणीतून काही पेशी निसटतातच, म्हणून थायमस नियामक टी-पेशींचा वेगळा गटही घडवते. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी ओळखल्या, आणि २०२५ चे वैद्यकातले नोबेल त्यांना मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर मिळाले. या कामाचा धागाही थायमसच्या वयाशीच जोडलेला आहे. उंदराच्या पिल्लाची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली तर पुढे त्याच्या शरीरात स्वतःच्याच अवयवांवर हल्ले होतात, हे जपानी संशोधकांना १९६९ पासून दिसत होते. म्हणजे थायमस जितकी मोठी तितके चांगले, असा सरधोपट हिशेब नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजारात ती काढल्याने रुग्णाला फायदा होतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आहे. मुद्दा योग्य वयात, योग्य पोषणावर, तिचे निवडीचे काम पुरेसे होण्याचा आहे.

आणि हे योग्य वय फार थोडे असते. थायमसचा कामकरी भाग आयुष्याच्या पहिल्या वर्षापासूनच आक्रसू लागतो. वयात येईपर्यंत तिचे एकूण वजन टिकलेले वाटले, तरी आत हळूहळू चरबी जागा घेते. मोठ्या वयातली प्रतिकारशक्ती ही बरीचशी लहानपणी बाहेर पडलेल्या टी-पेशींच्या आणि त्यांच्या विभाजनातून झालेल्या पेशींच्या भरवशावर चालते. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावायला नको: पेरणीचा हंगाम चुकला की नंतर कितीही खत घातले तरी पीक त्या मापाचे येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट मोकळी करण्यासाठी तान्ह्या मुलांची थायमस बऱ्याचदा काढली जाते, आणि ती मुले जगतात, शाळेत जातात, मोठी होतात. मग हा अवयव एवढा महत्त्वाचा कसा? याचे पहिले उत्तर असे की मानवी बाळ उंदराच्या पिल्लासारखे नसते. त्याच्या थायमसने गर्भातच मोठा साठा बाहेर पाठवलेला असतो. दुसरे उत्तर असे की जगणे म्हणजे काहीच न बिघडणे नव्हे. अशा मुलांच्या रक्ताची पुढे तपासणी केली असता टी-पेशींची रचना वयाच्या मानाने म्हातारी झालेली आढळली आहे. प्रौढांबद्दलचा समजही २०२३ साली डळमळला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी थायमस काढलेल्या प्रौढांची, तशाच प्रकारच्या छातीच्या शस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस शाबूत असलेल्या रुग्णांशी तुलना केली. पाच वर्षांत पहिल्या गटात ८.१ टक्के मृत्यू झाले, दुसऱ्यात २.८ टक्के. कर्करोगाचे प्रमाण ७.४ टक्के विरुद्ध ३.७ टक्के होते. हा जुन्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे दोन गटांत आधीपासूनच काही फरक असण्याची शक्यता पूर्ण फेटाळता येत नाही. तरी निरुपयोगी अवयव म्हणून थायमसची बोळवण करण्याचे दिवस संपले, एवढे त्यातून नक्की निघते. हृदयाला जन्मजात छिद्र असलेल्या बाळाच्या आईवडिलांनी यावरून शस्त्रक्रियेला घाबरू नये. ती शस्त्रक्रिया जीव वाचवते, आणि जीव वाचणे हे पहिले.

आता कुपोषणाकडे वळू, कारण महाराष्ट्रात थायमसचा प्रश्न सर्वांत मोठ्या संख्येने तिथे उभा आहे. उपासमार झाली, जुलाब लांबले, गोवर किंवा मलेरिया झाला, की शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि चरबीतून येणारे लेप्टिन घटते. थायमसमधल्या कोवळ्या पेशी या दोन्ही बदलांना अतिशय हळव्या असतात आणि झपाट्याने मरतात. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ताणाखाली असलेल्या प्राण्यांत आक्रसलेली थायमस हे ठळक लक्षण म्हणून नोंदवले होते. तीव्र कुपोषणाने दगावलेल्या मुलांत ती इतकी लहान झालेली आढळते की डॉक्टरांनी या अवस्थेला शस्त्राविना झालेली थायमसची शस्त्रक्रियाच म्हटले आहे. दिलासा देणारी बाब अशी की ती पुन्हा वाढू शकते. जमैकात गोल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवले की कुपोषणातून सावरणाऱ्या मुलांना जस्त दिल्यावर छातीच्या क्ष-किरण चित्रात थायमसची सावली पुन्हा मोठी होते. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात नव्वदीच्या दशकात झालेले काम तर आपल्यासाठी आणखी नेमके आहे. तिथल्या संशोधकांनी रुग्णालयात दाखल झालेल्या तीव्र कुपोषित मुलांचे वजनही मोजले आणि सोनोग्राफीने थायमसही मोजली. वजन-उंचीचे प्रमाण साधारण महिन्याभरात जागेवर आले. थायमसला मात्र सुमारे दोन महिने लागले. आहाराबरोबर जस्त दिलेल्या मुलांत ही दरी महिन्याभराने कमी झाली.

या मधल्या महिन्यात मूल कुठे असते, हा माझ्या दृष्टीने या सगळ्या लेखातला मुख्य प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुरटलेली, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाची आणि १०.९ टक्के तीव्र कमी वजनाची आढळली. बुलढाणा जिल्ह्यातल्याच सिंदखेडराजाला जन्मलेल्या जिजाऊंचे नाव दिलेले माता-बाल आरोग्य व पोषण मिशन राज्याने २००५ साली सुरू केले आणि खुरटेपणा कमी करण्यात त्याचा वाटा होता. आज तीव्र कुपोषित मुलासाठी गावात ग्राम बालविकास केंद्र आणि रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र अशी सोय आहे. गावातल्या केंद्राची मूळ आखणी ३० दिवसांची आणि पोषण पुनर्वसन केंद्रातला मुक्काम साधारण १४ दिवसांचा. मूल घरी पाठवण्याचा निकष मुख्यतः वजनवाढीचा असतो. पोषण पुनर्वसन केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत घरी गेल्यावर दर पंधरा दिवसांनी एक अशा चार फेऱ्या लिहिलेल्या आहेत. म्हणजे ज्यांनी त्या लिहिल्या, त्यांनी दोन महिन्यांचा काळ धरलेलाच होता, आणि थायमसच्या अभ्यासाशी तो चांगला जुळतो. पण सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी सुरू असताना, एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवून आई चौथ्या फेरीला येईल, हे गृहीत धरणे कठीण आहे. म्हणून त्या फेऱ्या रुग्णालयात न ठेवता अंगणवाडीत आणाव्यात, आणि त्यांची पूर्तता हाच केंद्राच्या यशाचा निकष मानावा. ज्या दिवशी वजन भरते, त्या दिवशी मूल दिसायला बरे झालेले असते. जंतूंच्या बाबतीत ते अजून उघड्यावर असते.

थायमसचे हे महत्त्व फुगवलेले आहे, असा दुसरा आक्षेप पोषणतज्ज्ञांकडूनच येऊ शकतो. कुपोषित मूल दगावते ते आतड्याचे अस्तर फाटल्यामुळे, रक्तातली साखर उतरल्यामुळे, न्यूमोनियावर वेळेत उपचार न झाल्यामुळे. आक्रसलेली थायमस ही आजाराची केवळ खूण असेल, कारण नसेल. या आक्षेपात तथ्य आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये जन्माच्या वेळी थायमस लहान असलेली बाळे पुढे अधिक प्रमाणात दगावली, हे पीटर आबी यांच्या गटाने दाखवले आहे, पण लहान थायमस आणि मृत्यू ही दोन्ही गर्भातल्या कुठल्या तरी तिसऱ्या आघाताची फळे असू शकतात. गांबियातला पुरावाही असाच तपासून घ्यावा लागतो. तिथे पावसाळ्यातल्या टंचाईच्या दिवसांत जन्मलेली माणसे तरुणपणी कितीतरी जास्त प्रमाणात दगावली, असे १९९७ साली सोफी मूर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, आणि त्या ऋतूतल्या बाळांची थायमस लहान असते हेही पुढे दिसले. मेळघाटात पावसाळ्यात बालमृत्यू वाढतात हे जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निष्कर्ष लगेच पटतो. पण बांगलादेशातल्या मतलब भागात तसाच हिशेब मांडला तेव्हा जन्माच्या ऋतूचा तरुणपणीच्या मृत्यूशी संबंध आढळला नाही. म्हणून आयुष्यभराच्या परिणामाचा दावा मी करत नाही. माझा युक्तिवाद तेवढ्यावर उभाही नाही. थायमस खूण असली तरी ती अशी खूण आहे की जी वजनाच्या काट्यापेक्षा उशिरा सावरते, आणि उशिरा सावरणारी खूण सोडून लवकर सावरणाऱ्या खुणेवर मुलाला घरी पाठवणे चुकीचे आहे. कारण की खूण हा वाद सुटेपर्यंत चार फेऱ्या पूर्ण करायला काहीच हरकत नसावी.

पोषणाची सुरुवात आईपासून होते, हे वाक्य आपल्याकडे भिंतींवर रंगवलेले असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे मोठी जन्मतात, हे त्यात दिसले. त्या अभ्यासाचा रोख मधुमेहाकडे असला तरी आईच्या ताटातला फरक बाळाच्या घडणीपर्यंत पोचतो, हे आपल्याच मातीत सिद्ध झाले. जन्मानंतरची बाजू डेन्मार्कमधून येते. तिथल्या १९९६ च्या अभ्यासात चार महिन्यांच्या, निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांची थायमस डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा जवळपास दुप्पट आढळली. आईच्या दुधात थायमसला चालना देणारा आयएल-७ हा घटक असतो, असे पुढे गांबियातल्या कामातून समोर आले. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, या जुन्या सल्ल्याला यामुळे एक नवे आणि ठोस कारण मिळते.

दुसरी सवय लसिकापेशींच्या आकड्याची. थोड्या बाळांत जनुकातल्या दोषामुळे टी-पेशी घडतच नाहीत. थायमसपर्यंत पोचणाऱ्या कोवळ्या पेशीच तिथे वाढू शकत नाहीत, म्हणून ग्रंथी रिकामी आणि इवलीशी राहते. या आजारांच्या गटाला डॉक्टर ‘स्किड’ म्हणतात. क्वचित उलटेही घडते. पेशी असतात पण थायमसच घडलेली नसते, जसे बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळाल्याने होणाऱ्या डायजॉर्ज विकाराच्या तीव्र रूपात. त्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या थायमसच्या ऊतीचे रोपण अमेरिकेत २०२१ साली मंजूर झाले. स्किडचे बाळ जन्मताना गुटगुटीत दिसते. आईकडून आलेली प्रतिपिंडे त्याला काही आठवडे सांभाळतात. मग तोंडात न हटणारी बुरशी, लांबलेले जुलाब, वारंवार न्यूमोनिया सुरू होतो आणि वजन थांबते. जन्मतःच दिलेली बीसीजी ही जिवंत लस आहे. निरोगी बाळाला ती क्षयाच्या जीवघेण्या रूपांपासून वाचवते, पण टी-पेशी नसलेल्या बाळात तिचेच जंतू शरीरभर पसरू शकतात. सहा आठवड्यांनी दिली जाणारी रोटाव्हायरसची लसही जिवंतच असते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिकार-रक्तशास्त्र संस्था आहे, आणि तिथल्या डॉ. मनीषा मडकईकर यांच्या गटाने, वाडिया बाल रुग्णालयाचे डॉ. मुकेश देसाई आणि इतरांबरोबर, २०१९ साली अशा ५७ भारतीय बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे २०२१ साली देशभरातल्या संस्थांनी मिळून २७७ बाळांच्या नोंदी मांडल्या. त्यांत आजार सुरू होण्याचे मध्यक वय अडीच महिने आणि निदानाचे पाच महिने होते. अडीच महिन्यांची ही दिरंगाई बहुतेकांना भोवली.

एवढ्या दुर्मिळ आजारासाठी सरकारने धावपळ का करावी, हा तिसरा आक्षेप. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ साली टाचेच्या थेंबभर रक्तातून टी-पेशींच्या घडणीत मागे उरणारी डीएनएची कडी मोजायला सुरुवात केली, आणि २०१८ पर्यंत सर्व राज्ये त्यात आली. तीस लाख बाळांच्या तपासणीवर आधारलेल्या २०१४ च्या अहवालात प्रमाण ५८ हजारांत एक निघाले, आणि उपचार मिळालेल्यांपैकी ९२ टक्के बाळे जगली. महाराष्ट्रात वर्षाला अठरा लाख जन्म धरले आणि तेच प्रमाण लावले तर तीसेक बाळे होतात. नात्यातल्या लग्नांमुळे आपल्याकडे काही प्रकारांचा धोका अधिक असणार. तीस हा आकडा लहान आहे, आणि उद्यापासून राज्यभर ही तपासणी सुरू करा, असे मी म्हणणार नाही. ती अवजड यंत्रणा आहे आणि तिच्याआधी करण्यासारखे बरेच काही आहे. चिखली किंवा खामगावच्या कुठल्याही प्रयोगशाळेत होणाऱ्या साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची एकूण संख्या आणि त्यातल्या लसिकापेशींचे टक्के लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार केला की लसिकापेशींची खरी संख्या मिळते. पहिल्या काही महिन्यांच्या बाळात ती एका घन मिलिमीटरला तीन हजारांच्या खाली असली तर तपासणी पुन्हा करून पुढे पाठवायला हवे. प्रौढाला चालणारा आकडा बाळाला चालत नाही, आणि छापील कागदावर प्रौढाचीच मर्यादा असते, म्हणून धोका नजरेतून सुटतो. न्यूमोनियासाठी काढलेल्या छातीच्या क्ष-किरण चित्रात थायमसची सावली आहे का, हेही त्याच वेळी पाहता येते, मात्र आजारानेही ती आक्रसते हे ध्यानात ठेवून. आणि बीसीजी टोचण्यापूर्वी एक प्रश्न विचारता येतो: या घरात, किंवा आईच्या माहेरी, आधी एखादे तान्हे बाळ संसर्गाने दगावले आहे का? उत्तर होय असेल, तर लस देण्याआधी बालरोगतज्ज्ञाला विचारावे.

या सगळ्यातून कोणी लसींविषयी शंका काढू नये. कुपोषित मुलाची थायमस आक्रसली असली तरी बहुतेक लसी त्याला उपयोगी पडतात, आणि गोवर-क्षयाचा धोका त्यालाच सर्वांत जास्त असतो. लस वेळेवर द्यायची आणि अन्नाची तजवीजही करायची, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. उलट, प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली करोनापासून बाजारात आलेल्या काढ्या-गोळ्यांवर तान्ह्या मुलाच्या घरातला पैसा जाऊ नये. जुलाबानंतर ओआरएसबरोबर १४ दिवस द्यायच्या जस्ताच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि जुलाब थांबले म्हणून त्या तिसऱ्या दिवशी बंद केल्या जातात. त्या चौदाही दिवस द्याव्यात.

अमडापूर ते परळ हे अंतर रस्त्याने चारशे किलोमीटरहून जास्त आहे. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात स्किडचा समावेश आहे, मुंबईचे केईएम हे त्यासाठीचे मान्य केंद्र आहे, आणि मदतीची मर्यादा २०२२ साली ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. म्हणजे निदान झालेल्या बाळासाठी दार उघडलेले आहे. त्या दारापर्यंत बाळ पोचवायचे, तर गावातल्या डॉक्टरांनी रक्ताच्या कागदावरची लसिकापेशींची ओळ वाचली पाहिजे, आणि अंगणवाडीने वजन भरल्यानंतरचे दोन महिने मुलाची वही बंद करू नये. जिल्हा परिषदेने या दोन सूचना आपल्या मासिक आढाव्याच्या तक्त्यात घालाव्यात. त्यासाठी नवा निधी लागणार नाही.